रोज तीन तास? थकतील हो ते!

मेंदूच्या झटक्यानंतर (स्ट्रोकनंतर) ज्यांना वाचाघात झाला, म्हणजे शब्द डोक्यात असून ओठांवर येईनासे झाले, त्यांच्या घरच्यांचा हा प्रश्न मला आता पाठ झालाय. "रोज तीन तास बोलायचा सराव? थकतील हो ते. मेंदूवर ताण येऊन पुन्हा झटका आला तर?"

शेवटची भीती आधी काढून टाकते. बोलण्याच्या सरावानं झटका येत नाही. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की तो येतो. काळजी रक्तदाबाची, साखरेची, तंबाखूची करा. थकवा मात्र खराच. पण तो कशाचा, हे मला एका गृहस्थांनी शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

साठीचे गृहस्थ, झटक्याला सव्वा वर्ष झालेलं. समजायचं बरंच, पण बोलायला गेले की "ते... ते..." आणि हातवारे. वर्षभर आठवड्याला एक तास बोलण्याच्या उपचारांसाठी माझ्याकडेच येत होते. तासात सगळं उरकायची मला घाई. शब्द अडला की पहिलं अक्षर मी पुरवायचे, उरलेला शब्द त्यांच्या पत्नी. छान बसलं होतं आमचं. बोलत मात्र आम्ही दोघीच होतो.

मग दोन आठवडे रोज तीन तास बसायचं ठरवलं. कल्पना माझी नव्हे. जर्मन संशोधक पुल्फरम्यूलर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ती मांडली: मध्ये आडोसा, प्रत्येकाच्या हातात चित्रांचे पत्ते, जोडीचा पत्ता हवा तर तोंडानं मागायचा. आडोशापलीकडे खूण दिसतच नाही. मी स्वतः याच मताची आहे, वापरल्याशिवाय भाषा परत येत नाही.

पहिले चार दिवस वाईट गेले. ते चिडले, पत्नी रडल्या, माझा घसा बसला.

सहाव्या दिवशी त्यांना चष्म्याचा पत्ता हवा होता. "चमचा," म्हणाले. लगेच मान हलवली, "नाही." माझ्या जिभेवर 'चष्मा' आलेला. गिळला. पत्नींचा हात टेबलाखालून धरून ठेवला. मनात आकडे मोजत होते, बारावर पोचले तेव्हा आवाज आला, "डोळ्यांवर... च... चष्मा." आणि मग न सांगता, पत्नीकडे बघून, "तुझ्याकडे... चष्मा आहे?"

त्या दिवशी तिसरा तास संपला तेव्हा घड्याळाकडे मी पाहिलं. ते म्हणाले, "अजून... एक."

वर्षभर आम्ही ज्याला थकवा म्हणत होतो, तो बराचसा हरण्याचा होता. शब्द स्वतः सापडला की माणूस दमतो, पण खचत नाही. आठवड्याच्या एका तासात थांबायला मला सवडच नव्हती. तीन तासांनी ती मला दिली. बारा सेकंद गप्प बसणं मला इतक्या वर्षांनी जमलं, याचा थोडा अभिमानही आहे.

म्हणून सांगते. झटक्यानंतर लगेचच्या दिवसांत तास वाढवायची घाई करू नका, तेव्हा जास्तीचा फायदा दिसतोच असं नाही. पण "आता उशीर झाला" हेही खरं नाही. २०१७ साली जर्मनीत १५६ जणांवर चाचणी झाली. झटक्याला सहा महिने उलटून गेलेल्यांना आठवड्याला किमान दहा तास, तीन आठवडे उपचार दिले, तेव्हा रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. तीन तास सलग नकोत, मध्ये विश्रांती हवी. झोप नीट झाली नसेल तर त्या दिवशी कमी करा. आणि घरच्यांनो, शब्द पुरवू नका. विचारा, "मदत करू?" आणि उत्तराची वाट पाहा. सगळी वाक्यं परत येतील असं मी कुणालाच सांगत नाही. यांचीही आली नाहीत.

महिन्याभरानं पत्नींचा फोन आला. तक्रारीचाच सूर होता. "मी शब्द सांगायला गेले की आता हात वर करतात. 'थांब' म्हणतात."

'थांब' आमच्या पत्त्यांत नव्हता.