'फील' म्हणजे भावना नव्हे

प्रश्न असा आला आहे: रॉक गिटारवादकांवर मराठीत लिहिताना 'फील'ला 'भावना' आणि 'टेक्निक'ला 'तंत्र' म्हणावं का? सोबत नमुन्याचं वाक्य दिलं आहे, 'त्याच्याकडे तंत्र आहे, पण भावना नाही.'

हे वाक्य निवेदनांत आणि लेखांत इतक्यांदा कानावर येतं की एकदा नीट बोलायलाच हवं. 'भावना' सोडा, 'लगाव' घ्या. 'तंत्र' ठेवा, पण असं नाक मुरडून नको.

'फील'ला 'भावना' म्हणणं ही भाषांतराची चूक कमी आणि ऐकण्याची जास्त. भावना वाजवणाऱ्याच्या मनात असते, तिथवर कुणाचा कान पोचत नाही. कानाला पोचतं ते एवढंच: सूर नेमक्या उंचीवर लागला का, खालून आला की थेट, किती धरला, धरल्यावर कसा हलला, ठोक्याच्या अलीकडे पडला की पलीकडे. आपल्या गाण्याच्या दुनियेत या सगळ्याला 'स्वरलगाव' हा शब्द केव्हाचा रुळलेला आहे. 'लागणे' हे क्रियापद तरी पाहा. सूर लागतो, ठेच लागते, आमटी खारट लागते. मूळ संस्कृत लग्, म्हणजे चिकटणे, 'लग्न' त्यातलंच. इंग्रजी 'फील'सुद्धा आधी स्पर्शाचा शब्द आहे, मनाचा नंतर. 'भावना' म्हटलं की तो स्पर्शच गळून जातो.

आता 'तंत्र'. हा शब्द कोरडा, यांत्रिक वाटणाऱ्यांनी त्याचं मूळ पाहिलेलं नाही. संस्कृत तन् म्हणजे ताणणे. त्यातून तंतू, वीणेची तंत्री, गवयाची तान, आपलं रोजचं 'ताणणे' आणि तंत्र. तंत्र म्हणजे आधी मागावर ताणून बसवलेले उभे धागे. पद्धत, शास्त्र हे अर्थ मागाहून आले. ग्रीकमध्ये याच कुळातला 'तोनोस', म्हणजे ताण आणि ताणलेल्या तारेचा सूर. इंग्रजी 'टोन' तिथून आला. म्हणजे 'काय टोन आहे!' अशी दाद देणारा गिटारवेडा नकळत तंत्राच्याच भावकीतला शब्द वापरत असतो.

याहून देखणी गोष्ट 'तार' या शब्दाची. फारसीत तार म्हणजे मागावरचा उभा धागा, आणि वाद्याची तारही. 'तार-ओ-पूद' म्हणजे आपला ताणाबाणा. इराणी भाषांचे अभ्यासक हा 'तार' प्राचीन इराणी 'तन्थ्र'पर्यंत मागे नेतात, आणि हा 'तन्थ्र' म्हणजे संस्कृत 'तंत्र'चा सख्खा भाऊ. सितारमधली (सेह-तार, तीन तारांचं) तार आणि तंत्र हा एकच शब्द, दोन वाटांनी आपल्या घरी आलेला! वाद्याची तार तारसप्तकातल्या 'तार'वरून आली असं ठासून सांगणारे आहेत. त्यांनी मग खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुराच्या, जाड तारेलाही तारच का म्हणतात ते सांगावं. उंच स्वराचा 'तार' वेगळा आणि धाग्याची 'तार' वेगळी. रूप जुळलं म्हणून मूळ जुळत नाही. 'गिटार' म्हणजे 'चहार-तार' (चार तारा), हीसुद्धा अशीच कानाला गोड आणि चुकीची व्युत्पत्ती. तो शब्द ग्रीक 'किथारा'पासून अरबी-स्पॅनिश वाटेने आला आहे.

आणखी एक खटकणारा प्रयोग म्हणजे बेंडला 'तार वाकवणे' म्हणणं. वाकते ती सळई. गिटारची तार पडद्यावर (फ्रेटवर) दाबून आडवी सरकवली की तिच्यातला ताण वाढतो आणि म्हणून सूर चढतो. 'तार ताणणे' म्हणा. ज्याला फील म्हणतात त्याचा मोठा हिस्सा या ताणण्यातच आहे, मग 'तंत्र विरुद्ध फील' अशी जोडी लागते कुठे?

खात्री करायला गिटार घ्या. तिसऱ्या तारेच्या सातव्या पडद्यावर डी हा सूर वाजतो. तो दोन पडद्यांइतका ताणला की ई, आणि तोच ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर तयार असतो. दोन्ही एकत्र छेडा. ताण नेमका असेल तर दोन्ही सूर एकात विरघळतात. अर्ध्या स्वराच्या जेमतेम पाचव्या हिश्शाने ताण कमी पडला, तरी सेकंदाला चारच्या आसपास हेलकावे ऐकू येतात. भावना कितीही उत्कट असो, ते हेलकावे जात नाहीत. ते बहुधा येतात कारण एकटं बोट ढकलत असतं. अनामिका पडद्यावर, तिच्या मागे मधलं बोट त्याच तारेवर, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर, अंगठा गळ्यावरून वर आलेला, तर्जनीचं मूळ गळ्याच्या खालच्या कडेला टेकलेलं. मग किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवायचं. जोर मनगटाचा, बोटं फक्त तार धरून ठेवतात. शेजारची चौथी तार गप्प केली नाही, तर परतताना तीही बोलते.

व्हायब्रॅटोचं, म्हणजे धरलेला सूर वरखाली हलवण्याचंही तसंच. साध्या दाबलेल्या स्वरावर तार ढकलली की सूर फक्त वर जातो आणि मूळ जागी परत येतो. ताणलेल्या स्वरावर उलट: तार किंचित सैल सोडायची आणि पुन्हा त्याच उंचीवर आणायची. नवशिके इथे तार आणखी वर ढकलतात, म्हणून सूर चढा लागतो. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून एका ठोक्यात चार समान हेलकावे घ्या. हेलकाव्याची रुंदी सारखी राहत नसेल तर वेग वाढवू नका.

मग नुसत्या वेगाला काय म्हणायचं? त्यालाही आपल्याकडे उत्तम शब्द आहे: तयारी. 'तयारीचा गवई' म्हणताना आपण त्याच्या तानांबद्दल बोलतो, त्याच्या षड्जाबद्दल नाही. मिनिटाला १६० ठोक्यांची लय आणि ठोक्याला चार स्वर, म्हणजे सेकंदाला साडेदहाहून जास्त, ही तयारी. 'चमको' म्हणून ती मोडीत काढू नये, कारण तयारी आणि लगाव एकाच हातात नांदतात. प्रश्नातलं वाक्य ज्याच्यावर हमखास फेकतात तो वेगवान रॉक गिटारवादक इंग्वे माल्मस्टीन पाहा. त्याच्या गिटारच्या पट्टीवर दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं. बोट लाकडाला टेकत नाही, फक्त तारेला लागतं, त्यामुळे तारेवर पकड घट्ट बसते आणि व्हायब्रॅटो रुंद घेता येतो. मात्र जरा जास्त दाबलं तरी सूर चढतो, म्हणजे दाब फार मोजून द्यावा लागतो. हे सगळं लगावाचंच काम. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा १९७८ सालचा 'इरप्शन' हा गिटारचा तुकडा एक मिनिट बेचाळीस सेकंदांचा आहे आणि त्याचं नाव निघतं ते टॅपिंगसाठी, म्हणजे दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टीवर तार ठोकून वाजवण्यासाठी. पण त्याच्या साथीच्या वादनातला झोका, ठोक्याला रेलून बसणारा, ज्याने कान देऊन ऐकला आहे, तो एडीला केवळ तयारीचा म्हणणार नाही.

बेंडला 'मींड' (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) म्हणावं का, हे ओघाने आलंच. पिंक फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर, त्याच्यासाठी जरूर म्हणा. तो बारीक तारांचा संच वापरतो, पहिली तार ०.०१० इंच जाडीची आणि सहावी ०.०४८ इंच. एकदा छेडलेली तार तो एका स्वरावर नेतो, तिथे थांबवतो आणि त्याच आघातावर पुढच्या स्वरापर्यंत ताणतो. सतारिया हेच करतो, फक्त रुंद पडद्यांवर त्याला चार-पाच स्वरांपर्यंत जागा मिळते. झटक्यात वर जाऊन तुटणारे छोटे ताण मात्र मींड नव्हेत. त्यांना वादक म्हणतात तसं 'बेंड'च राहू द्यावं.