पिक्सल 9ए घेऊ की 8ए?

प्रश्न: ताई, मी नाशकात सातपूर एमआयडीसीत कामाला आहे, गुगलचा पिक्सल 9ए फोन घ्यायचा विचार होता पण एमजी रोडवर 8ए बराच स्वस्त मिळतोय, जुना म्हणून मन धजावत नाही, काय करू?

उत्तर: अरे, जुना म्हणजे 2024 चाच, आणि दोघांनाही लाँचपासून 7 वर्षं सॉफ्टवेअर अपडेट आहेत, 8ए ला 2031 पर्यंत, ती भीती काढूनच टाक. खरा फरक बॅटरीत, 8ए ची क्षमता साधारण 4500 एमएएच (जितका आकडा मोठा तितकी जास्त साठवण), 9ए ची 5100, म्हणजे शिफ्टमध्ये चार्जर हाताशी नसेल तर घरी निघताना रोज जाणवणार. चार्जिंग मिळत असेल तर डोळे झाकून 8ए घे, फक्त सीलपॅक आणि जीएसटी बिलावरच, आणि दुकानातच *#06# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलाशी जुळवून बघ.