प्लास्टिकच्या बाटलीची फुलदाणी केली, पण ॲक्रिलिक रंगाचे पोपडे निघतायत, काय करू?

रंग देण्याआधी बाटली पॉलिश पेपरने घासा आणि पहिला हात प्लास्टिकवर चालणाऱ्या प्रायमरचा द्या, मग पोपडे निघत नाहीत. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या पीईटीच्या असतात (बुडाला त्रिकोणात १ आकडा बघा), ते प्लास्टिक गुळगुळीत आणि रंग अजिबात शोषत नाही, म्हणून रंग नुसता पापुद्र्यासारखा वर बसतो आणि बाटली जरा दाबली की सुटतो. ३२० नंबरचा पेपर पुरे, चमक जाऊन बाटली दुधी दिसायला लागली की थांबायचं. लेबलचा चिकटा मात्र घासायच्या आधीच खोबरेल तेलाने काढून भांड्याच्या साबणाने धुवा, तेलकटपणा राहिला तर सगळी मेहनत वाया. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या, एकच जाड हात देऊ नका (घाई इथेच नडते). कडा मेणबत्तीवर वळवायच्या असतील तर ते आधी उरका आणि खिडकी उघडी ठेवा, पीईटी साधारण ७०-८० अंशांनाच मऊ पडतं त्यामुळे ज्योतीच्या जरा वरच धरायचं. फक्त झाकणं वेगळ्या प्लास्टिकची असतात, त्यांच्यावर एवढं करूनही रंग नीट धरत नाही, ती मूळ रंगातच वापरलेली बरी.