क्लायंटच्या होस्टिंगवर एफटीपीने फाइल्स चढतात, पण वर्डप्रेसमधून फोटो अपलोड होत नाही. फोल्डरला ७७७ परमिशन देऊ का?

नाही, ७७७ देऊ नका. आधी त्या फोल्डरचा मालक कोण आहे ते पाहा. एफटीपीने चढवलेलं सगळं एफटीपी युजरच्या नावावर जातं. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) दुसऱ्याच युजरने चालत असेल, तर ७५५ (मालकाला सगळी मुभा, इतरांना लिहायची नाही) असलेल्या फोल्डरमधलं त्याला वाचता येतं, तिथे लिहिता येत नाही. ७७७ ने अपलोड सुरू होतं खरं, पण मग सर्व्हरवरच्या कोणत्याही युजरला तिथे लिहायची मुभा मिळते. त्यातून पीएचपी सुएक्झेकखाली (प्रत्येक अकाउंटचा कोड त्याच्याच युजरने चालवणारी सोय) चालत असेल, तर ७७७ मुळे ५०० एररही (सर्व्हरची अंतर्गत चूक) येऊ शकते. एफटीपी क्लायंटमध्ये ओनरचा रकाना असतो, तिथे खात्री करा आणि होस्टच्या सपोर्टला नेमकं लिहा: ‘पीएचपी आमच्याच अकाउंटच्या युजरने चालवा, नाहीतर अपलोड्स फोल्डरची मालकी बदलून द्या.’ नुसतं ‘साइट चालत नाही’ लिहिलंत तर कॅशे साफ करा असं उत्तर येईल! तिकीट क्लायंटच्या लॉगिनवरूनच टाका, कारण अकाउंट त्याचं आहे. त्यानंतर फोल्डरना ७५५, फाइल्सना ६४४ (मालकाला वाचणं-लिहिणं, इतरांना फक्त वाचणं) पुरतं. मालकी बरोबर असूनही अडत असेल, तर डिस्क कोटा (अकाउंटला ठरवून दिलेली जागा) भरलाय का ते बघा.