वाचकांचे प्रश्न : मरगळ, टेकडी आणि चिवड्यातलं मीठ

प्रश्न : वय 34, घरूनच काम करते. काही महिने मन सतत मरगळलेलं असतं. व्यायामाने बरं वाटेल म्हणून वेताळ टेकडी चढले, पण नंतर पाय इतके दुखले की पुन्हा गेलेच नाही. किती व्यायाम पुरतो? (कोथरूड)

उत्तर : चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते मुख्यतः उतरल्यामुळे. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलतात आणि सवय नसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकतात. चार-पाच दिवसांत ते आपोआप थांबतं. टेकडी महिनाभर राहू द्या.

सपाटीवर 10 मिनिटं चाला, आठवड्यातले पाच दिवस. दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवलीत की पाचव्या आठवड्यात रोजची 30 होतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान 150 मिनिटं तीच. वेग असा ठेवा, की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. शक्यतो सकाळी उजेडात जा, त्याने झोपेची घडी बसते. शिवाय आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून पुश-अप, 8 ते 12 वेळा, दोनदा.

इच्छा होण्याची वाट पाहू नका. मरगळीत ती बहुधा चालायला लागल्यावर येते. अगदीच नको वाटलं तर कोपऱ्यापर्यंत जाऊन या, तो दिवसही धरा.

मात्र तुम्ही ‘काही महिने’ लिहिलं आहे. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. व्यायाम उपचारांच्या जोडीला करायचा, त्यांच्याऐवजी नाही. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोला. सेवा मोफत आहे, चोवीस तास आणि मराठीतही.

प्रश्न : वडिलांना रक्तदाब आहे, म्हणून ‘बेक्ड मल्टीग्रेन’ चिवडा आणतो. पाकिटामागच्या तक्त्यात मीठ कुठेच दिसत नाही. ते किती, हे कसं ओळखायचं? (सहकारनगर)

उत्तर : तक्त्यात ‘सोडियम’ शोधा. मिलिग्रॅमच्या आकड्याला 2.5 ने गुणून 1000 ने भागलं की मीठ ग्रॅममध्ये मिळतं. समजा 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम आहे, म्हणजे 2 ग्रॅम मीठ.

फसगत होते ती शेजारच्या टक्केवारीत. ती एका ‘सर्व्हिंग’ची, म्हणजे एका वेळी खायच्या वाढपाची असते आणि सर्व्हिंग कंपनी ठरवते. दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ. सर्व्हिंग 30 ग्रॅमची असेल तर तक्ता 12 टक्के दाखवेल. पण चहाबरोबर 60 ग्रॅम खाल्ला तर 24 टक्के झाले. आमटी, लोणचं, पापड अजून बाकीच आहेत. वडिलांची नेहमीची वाटी एकदा काट्यावर तोलाच. दोन कंपन्यांची तुलना करताना मात्र 100 ग्रॅमचेच आकडे घ्या. आणि खारट लागत नाहीत म्हणून बिस्किटं हिशेबातून वगळू नका, खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं.

‘मल्टीग्रेन’ची परीक्षा घटकांच्या यादीत होते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव रिफाइंड व्हीट फ्लोअर असेल तर तो मैदा. ज्या धान्याचं नाव पुढे ठळक छापलंय त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. नाचणी 3 टक्केच निघाली तर तुम्ही पैसे चित्राचे देताय. ‘बेक्ड’ असलं तरी तेल वरून लावलेलं असू शकतं, तेव्हा फॅटचा आकडा बघा.

एक सावधगिरी : ‘लो सोडियम’ मीठ परस्पर सुरू करू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. आधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा.