बॅन्फला जाऊन आंघोळ नाही?

प्रश्न: आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये मुलीकडे कॅनडात कॅल्गरीला येतोय. चिपळूणचे असल्याने तुरळ, राजवाडीच्या गरम कुंडांत लहानपणापासून डुंबलोय. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून तिथल्या बॅन्फच्या ऐतिहासिक गरम झऱ्यावर अंघोळ करायचं ह्यांनी मनाशी पक्कं केलंय. जावई म्हणतात, तिथे पाण्यात बोटही बुडवू देत नाहीत, कशाला तिकिटाचे पैसे घालवता? खरं काय? थोडं पाणी बाटलीत भरून आणता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, बोट बुडवू देत नाहीत हे जावयांचं म्हणणं खरं आहे. पैसे वाया जातात हे मात्र मला मुळीच मान्य नाही. कॅल्गरीत राहत असल्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते, आणि आधी तिथेच नेते.

त्या जागेचं नाव ‘केव्ह अँड बेसिन’. छोट्याशा भुयारातून आत गेलं की गुहा लागते. वर छताला एक भोक, त्यातून उजेड खाली येतो, आणि समोर निळसर हिरवं पाणी. १८८३ साली रेल्वेचे तीन कामगार, मॅकार्डेल बंधू आणि मॅककेब, याच भोकातून खाली डोकावले. मग काय, कुंपण घातलं, झोपडी बांधली आणि झरा आमचाच म्हणून बसले. इतरांनीही हक्क सांगितला. कॅनडा ओलांडणाऱ्या रेल्वेचा शेवटचा खिळा ७ नोव्हेंबर १८८५ रोजी ठोकला गेला आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला सरकारने झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जमीन राखून ठेवली. भांडणच मिटलं! १८८७ मध्ये तिथेच कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आज ते साडेसहा हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलंय. ‘शोध लागला’ असं तिथे कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. तिथल्या मूळनिवासी स्टोनी नाकोडा लोकांना हे झरे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. पुढे त्यांनाच उद्यानात शिकारीला बंदी झाली.

ह्यांना सांगा, तिथे एके काळी लोक खरंच पोहत. १९१४ मध्ये मोठा तलाव बांधला होता, तो १९९०च्या दशकात कायमचा बंद झाला. हात लावायला मनाई आहे ती एका गोगलगायीसाठी. वाटाण्याच्या दाण्याहूनही लहान, शंखाचा पीळ डावीकडे. जगात फक्त इथल्याच गरम झऱ्यांत ती सापडते. पाण्यावरचं शेवाळ आणि जिवाणू खाऊन ती पृष्ठभागाजवळ राहते. आपल्या हातावरचं क्रीम किंवा डासांचं औषध तिच्या जिवावर उठतं. तेव्हा बाटलीचा विचार सोडा. दंड होतो. कठड्याशी वाकून नीट बघा, बारीक काळे ठिपके दिसतील, त्याच त्या.

नाकाला अंड्यासारखा वास येईल, तो गंधकाचा. हे पाणी ज्वालामुखीचं नाही. पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी खडकातल्या भेगांतून काही किलोमीटर खोल मुरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि सल्फर माउंटनच्या पायथ्याशी भेगेतून वर येतं.

बाहेर दलदलीवरून लाकडी पायवाट आहे, ती सपाट असल्याने ह्यांच्या गुडघ्यांना चालेल. गरम पाण्यामुळे तिथे साधे गवती सापही असतात. विषाची भीती नाही. पहिल्या महायुद्धात, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात असलेल्या युक्रेनच्या भागातून आलेल्या स्थलांतरितांना कॅनडाने शत्रूदेशाचे म्हणून डांबलं होतं, त्यांची हिवाळी छावणी या झऱ्याशेजारीच होती. त्याचं वेगळं प्रदर्शन आहे. घाईत बहुतेक लोक ते टाळतात. तुम्ही टाळू नका.

आता अंघोळ. त्याच डोंगरावर वरच्या अंगाला, १५८५ मीटर उंचीवर ‘अपर हॉट स्प्रिंग्स’ आहे. पाणी ३७ ते ४० अंश, समोर डोंगर. पण हे कुंड नव्हे, तलाव आहे. बायका-पुरुष एकत्र असतात. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून उतरता येत नाही, पोहण्याचा पोशाखच लागतो. अंग झाकणारा, लांब बाह्यांचा मिळतो, तो तिकडूनच घेऊन या. ह्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरवू नका. गुडघे बरे होतील असं मी सांगणार नाही, शेक मिळेल एवढं नक्की.

उद्यानाचा पास आणि या दोन जागांची तिकिटं वेगवेगळी असतात. मोसम सरला की गुहा काही वारी बंद असते आणि शरदात तलावही देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात, म्हणून मुलीला तारखा आधी बघून ठेवायला सांगा. सकाळी गुहा, दुपारी गावात जेवण, तलाव संध्याकाळी. टॉवेल तिथे भाड्याने मिळतो, पण घरचा न्या, मोठा असतो.