‘मेक -जे 8’ (सोर्स फाइलींपासून प्रोग्राम बांधणारं मेक, एका वेळी 8 कामं) पहिल्यांदा फुटतं, दुसऱ्यांदा चालवलं की बिल्ड होतो. टार्गेटची (तयार करायच्या फाइलची) प्रत्येक डिपेंडन्सी (ती ज्या फाइलीवर अवलंबून आहे ती) लिहायलाच हवी का, की क्लीन करून (तयार झालेल्या फाइली पुसून) -जे 1 वर चालवणं पुरेसं आहे?

लिहायलाच हवी. आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर जो होतो, त्या बिल्डवर अजिबात विश्वास ठेवू नका. त्या विश्वासापायी माझे 9 दिवस गेलेत.

मी तेव्हा पुण्यात वीजमीटरच्या फर्मवेअरवर, म्हणजे मीटरच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामवर, होतो. रजिस्टरांची यादी एका एक्सएमएल फाइलमध्ये असायची आणि पायथनची स्क्रिप्ट तिच्यावरून हेडर (सी फाइलींनी वापरायच्या व्याख्यांची फाइल) तयार करायची. मेकफाइलमध्ये (मेकच्या नियमांच्या फाइलमध्ये) ‘ऑल’पुढे आधी ‘जनरेट’, मग ‘फर्मवेअर’, एवढंच. ऑब्जेक्ट फाइलींना (सी फाइली कंपाइल करून मिळणाऱ्या फाइलींना) ते हेडर लागतं, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एकच जॉब असला की मेक डावीकडून उजवीकडे जातं, म्हणून निभत होतं. मी म्हणायचो, हा नुसता क्रम झाला, डिपेंडन्सी नव्हे. आमचे लीड म्हणायचे, “चालतंय ना? मेकफाइलला हात लावू नकोस. शंका आली की क्लीन मारायचा.”

पुढे 16 कोअरचा बिल्ड सर्व्हर आला आणि कोणीतरी -जे 16 लावलं. त्याच आठवड्यात एक्सएमएलमध्ये मधोमध एक फील्ड वाढलं, आणि टेस्ट बेंचवरचा मीटर व्होल्टेजच्या जागी भलताच आकडा दाखवायला लागला. आधी हार्डवेअरवाल्यांना दोष दिला गेला. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन बोर्ड बदलून पाहिले. शेवटी मी दोन वेगवेगळ्या सी फाइलींत त्याच स्ट्रक्टचा (हेडरमधल्या फील्डच्या गटाचा) साइझऑफ, म्हणजे बाइटमधला आकार, छापला. एकीत 52, दुसरीत 56. सी मध्ये ऑब्जेक्ट फाइली जोडणारा लिंकर फक्त नावं जुळवतो, आतली रचना बघत नाही, त्यामुळे एक वॉर्निंगसुद्धा आली नव्हती.

आणि तो बिल्ड क्लीन मारूनच केलेला होता. हेडर सोर्सच्या फोल्डरमध्ये पडायचं, क्लीन त्याला हात लावत नसे. ऑब्जेक्ट फाइली पुसल्या गेल्या, जुनं हेडर तसंच राहिलं. मग स्क्रिप्ट आणि कंपायलर एकाच वेळी सुटले. आधी कंपाइल झालेल्यांना जुनं हेडर मिळालं, नंतरच्यांना नवं. पुन्हा मेक केलं तर सगळं अपडेटेड आहे असं उत्तर. लीडना हे दाखवलं तर म्हणाले, “मग क्लीनमध्ये हेडरही पुसा.” ते पुसलं की काय होतं? पहिल्या वेळी हेडर सापडत नाही म्हणून बिल्ड फुटतो, तोवर स्क्रिप्टने ते तयार केलेलं असतं, दुसऱ्यांदा होतो. तुमच्याकडे बहुतेक हेच चाललंय.

स्टुअर्ट फेल्डमननी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेच या दुखण्यामुळे. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेला प्रोग्राम डीबग करण्यात गेली होती, कारण बग काढलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. काय जुनं झालंय हे ठरवणं हेच ज्याचं काम, त्याला ती माहितीच द्यायची नाही आणि वर सतत क्लीन मारायचा, तर मग साधी शेल स्क्रिप्ट काय वाईट?

हेडरांची यादी मात्र हाताने लिहीत बसू नका, ती दोन महिन्यांत शिळी होते. जीसीसी कंपायलरला -एमएमडी -एमपी द्या. तो प्रत्येक ऑब्जेक्टबरोबर त्याला लागलेल्या हेडरांची एक .डी फाइल काढतो, ती इन्क्लूड करा. पहिल्या बिल्डला .डी फाइली नसतात, म्हणून तयार होणारं हेडर ऑब्जेक्टच्या नियमात उभ्या रेघेनंतर, ऑर्डर-ओन्ली म्हणून (आधी तयार हवं, एवढंच सांगणारं) लिहा. हेडरचा नियमही खऱ्या फाइलच्या नावाने हवा, आणि त्यात एक्सएमएल आणि ती स्क्रिप्ट, दोन्ही प्रीरिक्विझिट (नियमात लिहिलेल्या डिपेंडन्सी) हवेत. स्क्रिप्ट बदलली तरी हेडर बदलतंच की.

-जे 1 ने रोग झाकला जातो, बरा होत नाही. एक्सएमएल बदलून क्लीन न करता मेक केलंत, तर एका जॉबवरही जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतील. रात्रीच्या बिल्डला ग्नू मेक 4.4 मधलं --शफल लावा. ते प्रीरिक्विझिटांचा क्रम पिसतं, राहिलेल्या डिपेंडन्सी लवकर उघड्या पडतात.

एक सांगायचं राहिलं. स्क्रिप्ट एकाच वेळी दोन फाइली काढत असेल तर साध्या नियमाने -जे मध्ये ती दोनदा चालू शकते. 4.3 पासून त्यासाठी ग्रूप्ड टार्गेट (एकाच नियमाने एकत्र तयार होणाऱ्या फाइली) आहेत. आणि रिलीजचा बिल्ड मीही रिकाम्या फोल्डरमध्येच करतो, त्याबाबत लीडशी माझं भांडण कधीच नव्हतं.

सगळं बसवून एकदा पूर्ण बिल्ड झाला की ते हेडर टच करा (फाइलची वेळ आत्ताची करा) आणि मेक -एन चालवा, ते प्रत्यक्ष काही न करता काय करेल त्याची यादी देतं. ज्या ज्या ऑब्जेक्टला ते लागतं, ती प्रत्येक यादीत दिसली पाहिजे. आमच्याकडे त्या दिवशी यादी रिकामी आली होती, आणि त्याचा प्रिंटआउट मी लीडच्या टेबलावर ठेवला होता.